चार रकान्यांचा विद्यार्थी

माहीम स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलेला एखादा अनोळखी माणूस तुम्हाला विचारतो, "शितळादेवीचं देऊळ कुठे आलं?" तुम्ही काय कराल? कागदावर चार रेघा ओढून नकाशा काढून द्याल? की तोंडीच सांगाल, लेडी जमशेटजी रोड लागेपर्यंत सरळ जा म्हणून? की वाटेतल्या खुणा एकाखाली एक लिहून द्याल? की "चला, मीही तिकडेच निघालोय" म्हणत त्याच्यासोबत चालू लागाल? अस्सल माहीमकर बहुतेक वेळा चौथा पर्याय निवडतो आणि देऊळ येईपर्यंत पाहुण्याचं गाव, आडनाव आणि कुणाकडे उतरलाय हे सगळं काढून घेतो. ते असो. मुद्दा असा, की अशाच धाटणीचे 16 प्रश्न विचारून तुमच्या मेंदूची जात सांगणारी एक प्रश्नावली जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत फिरते आहे. नकाशा काढणारा तो 'दृश्य', सांगणारा 'श्रव्य', लिहून देणारा 'वाचन-लेखन' आणि सोबत चालणारा 'कृती'. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला 'व्हार्क' म्हणतात.

ती तयार केली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी, 1987 मध्ये. त्याआधी ते शाळा तपासनीस होते आणि त्यांनी हजारो तास मागच्या बाकावर बसून काढले होते. उत्तम शिक्षकांच्या वर्गातही काही मुलं कोरडीच राहतात आणि सुमार शिक्षकांच्या हाताखालची काही मुलं मात्र पुढे जातात, हे कोडं त्यांना पडलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता. ज्यानं कधी वर्ग घेतला आहे त्याला तो पडलेलाच असतो.

वैद्यकीय महाविद्यालयांना ही प्रश्नावली इतकी का आवडली, हे समजायला फार खोल जायला नको. पहिल्या वर्षाचा दीड-दोनशे मुलांचा वर्ग आयताच समोर बसलेला असतो. शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला कागद वाटायचा, दहा-पंधरा मिनिटांत गोळा करायचा, शेजारी मुलगा की मुलगी ते नोंदवायचं आणि पहिल्या परीक्षेचे गुण आले की तक्ता मांडायचा. एक शोधनिबंध हातात येतो. भारतात असे निबंध पुष्कळ निघाले. एका महाविद्यालयात कृतीवाले जास्त निघाले, दुसरीकडे श्रव्यवाले. कुठे मुली एका रकान्यात दिसल्या, कुठे दुसऱ्याच.

आता गंमत पाहा. 2007 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, एकाच नियतकालिकासाठी, दोन पाहण्या झाल्या. दोन्हींच्या लेखकांत काही नावंही सारखीच होती. पहिली पदवीपूर्व शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची. तिच्यात मुलगे आणि मुली स्पष्ट वेगळे दिसले: बहुतेक मुलग्यांनी अनेक रकान्यांत खुणा केल्या, तर निम्म्याहून जास्त मुली एकाच रकान्यात राहिल्या आणि त्यांचा कल कृतीकडे होता. दुसरी पाहणी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची. तिच्यात फरक जवळपास नाहीसा झाला. दोन्ही बाजूंचे साधारण निम्म्याहून थोडे जास्त विद्यार्थी अनेक मार्ग पसंत करणारे निघाले. राज्य तेच, प्रश्नावली तीच, वर्षही तेच. मुलींच्या मेंदूची जात जर खरंच वेगळी असती, तर वैद्यकाच्या प्रवेशद्वारातून आत जाताना ती अशी गळून कशी पडली?

माझं मत सांगतो. प्रश्नावलीत आपण मेंदू दाखवत नाही, सवय दाखवतो. आणि सवयीला परिस्थितीचा वास असतो. मराठी माध्यमातून आलेलं पोर पहिल्या सहामाहीत इंग्रजी व्याख्यान ऐकताना अर्ध्या वाक्यात अडखळतं, तोवर सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. पुस्तकाचं तसं नाही. चौरसियांची अ‍ॅनाटमी कितीही वेळ एकाच ओळीवर थांबते. ते पोर 'वाचन-लेखन' या रकान्यात खूण करणारच. दोन वर्षांनी, वॉर्डात रोज कान तयार झाल्यावर, त्याच पोराची खूण दुसरीकडे सरकली तर नवल नाही.

तरी मूळ प्रश्न उरतोच: रकाना ओळखून त्याप्रमाणे शिकवलं, तर गुण वाढतात का? 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी हा दावा तपासायची नेमकी रीत सांगितली. दृश्यवाले निम्मे चित्रांनी शिकवा, निम्मे बोलून. श्रव्यवाल्यांचंही तसंच करा. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. दृश्यवाले चित्रांनी आणि श्रव्यवाले ऐकून पुढे गेले, तरच दावा खरा. सगळेच चित्रांनी पुढे गेले, तर चित्र चांगलं होतं एवढंच सिद्ध होतं. या कसोटीला उतरणारे प्रयोग त्यांना मोजकेच सापडले आणि त्यांतले बरेचसे दाव्याच्या उलट बोलत होते. त्याच्या चार वर्षं आधी ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड यांच्या गटानं या बाजारातले नमुने मोजले होते. शिकण्याच्या शैलींचे 71 वेगवेगळे आराखडे निघाले. एकाच माणसाला 71 शिंपी मापं घेतात आणि कुणाचंच माप दुसऱ्याशी जुळत नाही, तेव्हा शंका शिंप्यांवरच घ्यावी.

वैद्यकाच्या जवळचा पुरावा इंडियाना विद्यापीठातला आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या सव्वाचारशे विद्यार्थ्यांना आधी त्यांची शैली सांगितली, मग ते प्रत्यक्षात कसा अभ्यास करतात ते विचारलं. दोन-तृतीयांश मुलांनी स्वतःच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्यांनी आपल्या शैलीला धरून अभ्यास केला, त्यांचे गुणही काही जास्त नव्हते. पेशींच्या स्लाइड्सचा सराव, तासाच्या टिपणांची उजळणी अशा काही गोष्टींचा मात्र गुणांशी संबंध दिसला, आणि तो सगळ्याच रकान्यांतल्या मुलांत दिसला. खुद्द फ्लेमिंगही सांगत असत, की व्हार्क आवड दाखवतं, ताकद नाही. पण ही तळटीप वर्गापर्यंत पोचता पोचता गळून जाते.

खरं तर वैद्यकाइतका हा दावा दुसऱ्या कुठल्या विषयात उघडा पडत नाही. परळच्या केईएमच्या किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या वॉर्डात उभं राहून बघा. माहीमपासून दोन्ही बसच्या अंतरावर आहेत. हृदयाच्या झडपेतून रक्त उलटं झिरपतं, तेव्हा होणारा फुसफुसाट, म्हणजे मर्मर, कानांनीच ऐकावा लागतो. 1816 मध्ये पॅरिसमध्ये लेनेक यांच्यापुढे एक स्थूल तरुणी आली, तिच्या छातीला कान लावणं त्यांना अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली. त्या सुरळीचा पुढे स्टेथोस्कोप झाला. मी दृश्य शैलीचा आहे, मला मर्मर चित्रात दाखवा, असं सांगून तिथे भागत नाही. गोवराचे पुरळ डोळ्यांनीच ओळखायचे. वाढलेलं यकृत बोटांना लागायला हवं, रुग्ण श्वास आत घेईल तेव्हा हाताखाली येणारी ती कड. आणि औषधाची मात्रा वाचून, लिहूनच द्यायची. शिकण्याचा मार्ग विषय ठरवतो; विद्यार्थ्याच्या जातकुळीला तिथे फारसं मत नाही.

मग मुली आणि मुलगे? इथे दोन-तीन आकडे नीट मांडायला हवेत, कारण याच जागी घराघरांत वाद होतात. कॅनडाच्या डॅनियल आणि सुसान व्हॉयर यांनी 2014 मध्ये जगभरचे शेकडो नमुने एकत्र केले. शालेय आणि विद्यापीठीय गुणांत मुली थोड्या पुढे निघाल्या, अगदी गणित-विज्ञानातही. 'थोड्या' या शब्दावर जोर द्यायला हवा. फरक इतका लहान, की एक मुलगा आणि एक मुलगी डोळे मिटून उचलले तर कोण पुढे असेल यावर पैज लावू नये. वैद्यकापुरतं बोलायचं, तर 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांचा आढावा अजूनही वाचण्यासारखा आहे. प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या शिक्षणात विद्यार्थिनी काहीशा सरस दिसतात, असं त्यात आहे. पण सगळ्यात बोलका आकडा वेगळाच: वैद्यकीय पदवीच्या गुणांतल्या चढउताराचा 23 टक्के भाग आधीच्या परीक्षांमधल्या कामगिरीवरून कळतो. म्हणजे ज्या गुणांच्या जोरावर प्रवेश मिळतो, ते गुणसुद्धा गोष्टीचा पाव हिस्साच सांगतात. त्याच आढाव्यात आणखी एक नोंद आहे. वरवर घोकणारे मागे पडतात. कशासाठी, किती आणि केव्हा वाचायचं याचा हिशेब ठेवणारे पुढे जातात. याला अभ्यासाची 'पद्धत' म्हणतात आणि ती शैलीहून वेगळी. शैली म्हणे जन्माची असते. पद्धत बदलता येते.

मुलग्यांच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे सापडते. मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत सरासरीनं मुलगे पुढे असतात आणि शरीररचनाशास्त्रात हे कौशल्य लागतं. मूत्रपिंड मागून कसं दिसेल हे डोक्यातच उलटवावं लागतं. पण 2007 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना जेमतेम दहा तास एक मारधाडीचा व्हिडिओ गेम खेळायला लावला आणि ही दरी बरीच बुजली. दहा तास! डिसेक्शन हॉलमध्ये प्रत्येक विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट वेळ घालवतो. मुली मारधाडीचे गेम कमी खेळल्या होत्या, एवढाच काय तो मेंदूतला फरक.

म्हणून वाटतं, लिंग आणि गुण यांचा खरा संबंध शोधायचा तर दाराशी उभं राहावं. आत कुणाला घेतलं, कुठे बसवलं, पेपर कुणी तपासला, निकालानंतर काय झालं.

माहीमच्याच रस्त्यावरून सुरुवात करू. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर 1845 मध्ये कॉजवे खुला झाला. त्याचा सगळा खर्च, सुमारे 1 लाख 57 हजार रुपये, जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दिला. आधी एक लाख दिले, काम अर्ध्यावर अडलं तेव्हा वरचे सत्तावन्न हजारही दिले. अट एकच: या वाटेवर लोकांकडून टोल घ्यायचा नाही. माहीममधून जाणारा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. त्याच 1845 साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि शेजारचं रुग्णालय सुरू झालं. त्या रुग्णालयासाठी जमशेटजींनी एक लाख रुपये दिले होते. म्हणजे नवरा-बायकोच्या पैशांतून एकाच साली शहराला एक रस्ता आणि एक रुग्णालय मिळालं. बाईंचा रस्ता सगळ्यांना फुकट होता. कॉलेजच्या दारातून मात्र बायकांना आत जायला 1883 उजाडावं लागलं. अडतीस वर्षं.

1883 च्याच डिसेंबरात एडिथ पेची नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. स्त्रियांसाठी स्त्रियांनी चालवायचं रुग्णालय उभं करायचं, म्हणून तिला बोलावलं होतं. 1886 मध्ये सुरू झालेलं कामा रुग्णालय ते हेच. तिची स्वतःची गुणपत्रिका या प्रकरणात टांगून ठेवावी अशी आहे. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला शिरलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक. 1870 मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसलेल्या विद्यार्थ्यांत तिचा पहिला क्रमांक आला. त्या गुणांवर 'होप' शिष्यवृत्ती मिळायची होती. प्राध्यापकांनी ती तिच्याहून कमी गुण असलेल्या मुलग्यांना दिली. कारण काय, तर स्त्रियांना वेगळं बसवून शिकवलं होतं, म्हणून त्या त्या वर्गाच्या विद्यार्थिनी धरता येत नाहीत. वेगळं बसवलं कुणी? विद्यापीठानंच. एडिंबरानं या बायकांना शेवटी पदवी दिली नाही ती नाहीच. पेचीनं बर्नची एम.डी. आणि डब्लिनचा परवाना मिळवला.

मुंबईत तिची गाठ रखमाबाईंशी पडली. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे नामांकित वैद्य आणि वनस्पतितज्ज्ञ. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, 1884 मध्ये नांदायला ये म्हणून दावा लावला. 1887 मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी, पेची आणि इतरांच्या मदतीनं, त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. 1894 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं रुग्णसेवा केली. त्यांची शैली दृश्य होती की श्रव्य, कुणी विचारलं नाही. विचारून काय मिळालं असतं? त्यांच्या अभ्यासाची कितीतरी वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली होती.

हे जुनं झालं असं म्हणत असाल, तर 2018 चा जपान आठवा. टोकियो वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण गुपचूप कमी करत होतं, असं उघड झालं. बाया पुढे लग्न करतात, मुलं होतात, रुग्णालयाला माणूस कमी पडतो, असा आतला युक्तिवाद. मग देशभर चौकशी झाली. 2021 मध्ये वैद्यकीय प्रवेशात यशाचं प्रमाण मोजलं तेव्हा मुली 13.6 टक्के आणि मुलगे 13.5 टक्के, मुली पहिल्यांदाच पुढे, केसभर. तीन वर्षांत जपानी मुलींचे मेंदू बदलले नव्हते.

आपल्याकडे असं काही होत नाही, असं मानून चालू. तरी दाराशी उभं राहायचं तर घराचं दारही आलं. वरळीला पोदार रुग्णालयाच्या बाजूची गल्ली 'अभ्यास गल्ली' म्हणून ओळखली जाते. दहा बाय बाराच्या खोल्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या दिव्यांखाली बसून परीक्षा पास झाली. मुंबईला या गल्लीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण रात्री दीड वाजता पुस्तक मिटून तिथून माहीमला एकटं परतायचं, हे मुलाच्या आईला कसं वाटतं आणि मुलीच्या आईला कसं वाटतं, याचा तक्ता कुठल्या प्रश्नावलीत नाही. मुलगी घरीच वाचते. टीव्हीच्या आवाजात, भाकऱ्यांच्या मधल्या वेळात. तिनं 'वाचन-लेखन' या रकान्यात खूण केली तर ती तिच्या मेंदूची म्हणायची की खोलीची?

मग गुण वाढवायला नेमकं काय उपयोगी पडतं? इथे मात्र विज्ञानाजवळ ठोस उत्तर आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि तीन वेळा, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं परीक्षा घेतली आणि चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. गंमत अशी, की आपल्याला पुढे जास्त आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा पुन्हा चाळणाऱ्याला जे समाधान मिळतं, ते हेच पाच मिनिटांचं समाधान. पोस्टिंगला वॉर्डात उभं केलं की ते उतरतं.

आपल्याकडे हे नवीन नव्हे. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की पोरं ओळीनं बसून परवचा म्हणायची: पाढे, पावकी, निमकी, श्लोक. पुस्तक समोर नाही, रोज थोडं, चुकलं की तिथूनच पुन्हा. वेदपाठशाळेत तर शब्द सरळ, मग उलटसुलट जोड्यांनी म्हणायची रीत. क्रम, जटा, घन अशी त्यांची नावं. मी घोकंपट्टीचा भक्त नाही. अर्थ न कळता म्हटलेला पाढा पाढाच राहतो, आणि 2019 पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णाजवळ नेण्यावर, संवाद शिकवण्यावर जो भर आला तो योग्यच आहे. पण मनातून बाहेर काढल्याशिवाय आत बसत नाही, हे परवच्याला ठाऊक होतं.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी गेल्या वर्षी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होती. संध्याकाळी ती गॅलरीत येरझाऱ्या घालत ब्रेकियल प्लेक्सस म्हणायची. मानेतून निघून हातात उतरणारं मज्जातंतूंचं ते जाळं, विवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास विचारतात. पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, शेवटी पाच शाखा. आजी पाटावर बसून शेंगा सोलत असायची. तिला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं, पण बोटं मोजता येत होती.

"मस्क्युलोक्युटेनियस, अ‍ॅक्सिलरी, रेडियल, मीडियन..." पोरगी थांबली, वर बघितलं, "झालं!"

"अगं, पाच म्हणाली होतीस," आजीनं शेंगेतून मान न काढता सांगितलं, "चारच झाली. पुन्हा म्हण."